पानामागचं पान

गावाच्या पानावर 'प्रेक्षणीय स्थळे' असा मथळा होता आणि त्याखाली काहीच नव्हतं. दुसऱ्या वर्षाची एक विद्यार्थिनी त्या रिकाम्या जागेकडे बराच वेळ पाहत राहिली. मग हळूच म्हणाली, "मॅडम, आमच्या गावात बारव आहे. इथे लिहू का?"

तालुक्याच्या गावातलं महाविद्यालय. संगणक कक्षात पंचवीसेक मुलंमुली, दोघांत एक संगणक. मराठी विकिपीडियावर लिहायला शिकवणारी कार्यशाळा होती. मी शिकवायला नव्हते गेले, पाहायला गेले होते. पहिला तास खाती उघडण्यातच गेला. एका जोडणीवरून दिवसाला सहाच नवी खाती उघडता येतात, हे सातव्या मुलाला नकार आल्यावर सगळ्यांना कळलं. उरलेल्यांनी आपापल्या मोबाइलवरून खाती उघडली. मग टंकलेखनाची तालीम. ज्यांना मराठी कळफलक येत नव्हता त्यांनी अक्षरांतरण निवडलं, आणि रोमन अक्षरं दाबताच देवनागरी उमटू लागली तसा कक्षात आवाज वाढला.

त्या गलक्यातही मला 'लिहू का?' हाच प्रश्न ऐकू येत राहिला. ही मुलगी वयाच्या दहाव्या-बाराव्या वर्षापासून इंटरनेटवर वावरते आहे. रोज काहीबाही टाकते, पाहते, पुढे पाठवते. त्यासाठी तिने कधी कुणाची परवानगी मागितली नसेल. पण दुसऱ्या कुणीतरी मांडलेल्या पानात हात घालायची वेळ आली तेव्हा तिला विचारावंसं वाटलं. विकी म्हणजे काय, हे तिला त्या क्षणी अचूक जाणवलं होतं. समाजमाध्यमावर आपण आपापल्या भिंतीवर लिहितो. वर्तमानपत्राच्या संकेतस्थळावर त्यांचं लिहून झालं की आपण खाली मत देतो. दुकानाच्या संकेतस्थळावर वस्तूला तारे देतो. लिहिण्याची मुभा सगळीकडेच आहे, पण आपली जागा वेगळी आणि त्यांची वेगळी. विकीवर मात्र पान एकच असतं. पंधरा वर्षांपूर्वी कुणी लिहिलेल्या वाक्याच्या मधोमध आज ही मुलगी एक शब्द घालू शकते, आणि वाचणाऱ्याला शिवण दिसत नाही.

तिला आधी धूळपाटीवर लिहायला सांगितलं गेलं. मराठी विकिपीडियावर सरावाच्या पानाला धूळपाटी म्हणतात. पाटीवर धूळ पसरून बोटाने अक्षरं गिरवायची, चुकली की हात फिरवायचा, ही जुन्या शाळेतली रीत. हे नाव ज्याला सुचलं त्याला माझा नमस्कार. तिथे असे आणखी शब्द आहेत. सगळ्यांनी मिळून बोलायच्या पानाला चावडी. एखाद्या प्रश्नावर मत घ्यायचं असेल तर कौल. नेमून दिलेलं काम निमूटपणे करणाऱ्या संगणकीय प्रणालीला सांगकाम्या.  तंत्रज्ञानाची परिभाषा घडवताना आपल्याकडे बहुधा संस्कृतचा कोश उघडला जातो. इथे मंडळी गावात फिरून आली आणि शब्द घेऊन आली.

'विकी' हा मूळ शब्द मात्र पॅसिफिक महासागरातल्या बेटांवरचा. अमेरिकेतील ओरेगन राज्यातला प्रोग्रॅमर वॉर्ड कनिंगहॅम एकदा होनोलुलूच्या विमानतळावर उतरला, तेव्हा त्याला तिथल्या कर्मचाऱ्याने 'विकी विकी' बसने जायला सांगितलं. हवाई भाषेत विकी म्हणजे लवकर. दोनदा म्हटलं की खूप लवकर. आपल्या 'भरभर', 'पटपट'चा हा सख्खा भाऊ. पुढे प्रोग्रॅम रचण्याच्या चांगल्या पद्धती एकमेकांना सांगता याव्यात म्हणून त्याने एक संकेतस्थळ तयार केलं आणि २५ मार्च १९९५ रोजी ते खुलं केलं. त्याला नाव दिलं 'विकीविकीवेब'. म्हणजे मराठीत 'झटपट जाळं'.

त्यात दोन गोष्टी नव्या होत्या. प्रत्येक पानाच्या तळाशी ते बदलण्याचा दुवा होता, हे सगळे सांगतात. दुसरी गोष्ट मला जास्त महत्त्वाची वाटते. लिहिताना तुम्ही एखाद्या विषयाचं नाव ठरावीक पद्धतीने जोडून लिहिलंत की त्याचा आपोआप दुवा बने. त्या नावाचं पान अजून नसेल तर शब्दापुढे प्रश्नचिन्ह येई, आणि त्यावर टिचकी मारली की कोरं पान उघडे. विकिपीडियावर त्याच प्रश्नचिन्हाचा लाल दुवा झाला. इतर कुठल्याही संकेतस्थळावर न उघडणारा दुवा ही लाज वाटण्याची गोष्ट असते. चालक तो शोधून काढून टाकतात. विकीवर तो मुद्दाम ठेवतात. इथे कुणीतरी यायला हवं आहे, एवढंच तो सांगतो. त्या मुलीच्या गावाच्या पानावरचा रिकामा मथळाही तेच सांगत होता. मराठी विकिपीडियावर अशी गावांची पानं हजारोंनी आहेत. जिल्हा, तालुका एवढं सांगणारं एक वाक्य, मग हवामान, लोकजीवन, नागरी सुविधा असे मथळे, आणि कित्येकांखाली ओळभर किंवा तेवढंही नाही. ती पानं पाहून पूर्वी मला चीड येई. त्या दिवसापासून येत नाही.

नावावरून फसू नये, हेही सांगायला हवं. विकिलीक्सच्या नावात विकी आहे, पण तिथलं पान वाचकाला बदलता येत नाही. ती विकी नव्हे. उलट कंपनीच्या आत अभियंत्यांनी चालवलेली, बाहेरच्या कुणाला न दिसणारी टिपणवही पुष्कळदा अस्सल विकी असते. जाहिरात नसणं, सगळं फुकट असणं ही विकिपीडियाची धोरणं; विकीची लक्षणं नव्हेत. जाहिराती घेणाऱ्या विकीही आहेत.

मग लक्षण कोणतं? कार्यशाळेतल्या मुलांना विचारलं तर उत्तर आलं, "कुणीही बदलू शकतं." खरं आहे, पण एवढ्यावर विकी उभी राहत नाही. कुणीही बदलू शकतं असं पान म्हणजे बसस्टँडची भिंत झाली. पानाच्या वर 'संपादन'च्या शेजारी 'इतिहास' असं लिहिलेलं असतं. वाचकांपैकी बहुतेक तिथे कधी जात नाहीत. पण विकी तिथे राहते. पहिल्या अक्षरापासून आजपर्यंत झालेला प्रत्येक बदल तिथे ओळीने मांडलेला असतो: कुणी केला, कोणत्या तारखेला, किती वाजता, का. दोन ओळी निवडल्या की जुना मजकूर डावीकडे, नवा उजवीकडे, बदललेले शब्द रंगवलेले. वाईट बदल उलटवायला दोन टिचक्या पुरतात. पान बिघडवायला जेवढे कष्ट, त्याहून ते पूर्ववत करायला कमी. दार उघडं ठेवण्याची हिंमत येते ती यातून. कनिंगहॅमच्या विकीत सुरुवातीला जुन्या आवृत्त्या अशा कायमच्या जपल्या जात नव्हत्या. ती सोय नंतर आली. माझ्या मते विकी पुरी झाली ती तेव्हा.

हे पानामागचं पान पाहिलं की मला पुण्याचं भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिर आठवतं. महाभारताची चिकित्सक आवृत्ती तिथे १९१९ मध्ये हाती घेतली गेली आणि १९६६ मध्ये पुरी झाली. १,२५९ हस्तलिखितं तपासली गेली. विष्णु सीताराम सुकथनकरांनी त्या कामाला शिस्त घालून दिली. प्रत्येक श्लोक चौकटी आखलेल्या कागदावर उतरवायचा आणि खाली निरनिराळ्या पोथ्यांत अक्षरागणिक कुठे काय वेगळं आहे ते भरायचं. छापील पानावरही तोच न्याय: वर स्वीकारलेला पाठ, खाली पाठभेद. संपादकाने काय निवडलं ते दिसतं, काय बाजूला ठेवलं तेही दिसतं. न पटणारा अभ्यासक त्याच पानावरून वाद घालू शकतो.

पोथ्या उतरवून घेणारे शतकानुशतकं मजकूर बदलत आले होते. शब्द बदलला, ओवी घातली, समजलं नाही ते सोपं केलं. म्हणून तर एकनाथांना शके १५०६ मध्ये, म्हणजे १५८४ साली, ज्ञानेश्वरीच्या प्रती जमवून पाठ शुद्ध करावा लागला, आणि यात पुन्हा कुणी भर घालू नका असं शेवटी बजावावं लागलं. उतरवून घेणाऱ्याचा हेतू वाईट नव्हता. पण त्याने कुठे हात लावला याची नोंद नव्हती, आणि ती नंतर शोधून काढायला विद्वानांच्या पिढ्या लागल्या. विकीवर ही नोंद बदल होतो त्याच क्षणी होते. भर घालू नका असं सांगायची गरज त्यामुळे उरली नाही.

हे सगळं आधी कुणालाच पटलेलं नव्हतं, खुद्द विकिपीडियाच्या जन्मदात्यांनाही. जिमी वेल्स आणि लॅरी सँगर यांनी २००० साली 'न्यूपीडिया' नावाचा विश्वकोश सुरू केला तो तज्ज्ञांनी लिहायचा म्हणून. लेख प्रसिद्ध होण्याआधी तपासणीच्या सात पायऱ्या. पहिल्या वर्षात जेमतेम वीसेक लेख त्या चढून आले. मग कच्चे लेख तयार करायला हाताशी असावी म्हणून १५ जानेवारी २००१ रोजी विकी उघडली. ते साल संपेपर्यंत तिच्यात वीस हजारांच्या आसपास लेख होते. न्यूपीडिया काही वर्षांत बंद पडला.

पण यावरून तज्ज्ञांचा पराभव झाला असं सांगणाऱ्यांशी माझं भांडण आहे. श्रीधर व्यंकटेश केतकरांनी विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात, कंपनी काढून आणि भाग विकून, २३ खंडांचा महाराष्ट्रीय ज्ञानकोश उभा केला. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशींनी वाईसारख्या ठिकाणी बसून मराठी विश्वकोशाची घडी बसवली. त्याचा पहिला खंड १९७६ चा. विकिपीडियाला स्वतःची विद्वत्ता नाही. स्वतःचं संशोधन इथे घालायचं नाही, असा त्याचा नियमच आहे. कुठे छापून आलं आहे ते दाखवा, म्हणजे वाचकाला पडताळता येईल. त्यामुळे वाईला तयार झालेली नोंद ही विकीच्या पानाखालची वीट आहे. गोव्यात हे नातं फार छान जुळलं. गोवा विद्यापीठाने कोंकणी विश्वकोशाचे चार खंड २०१३ मध्ये मुक्त परवान्याखाली सर्वांना खुले केले, आणि २०१५ मध्ये गोव्याच्या कोंकणीचा विकिपीडिया सुरू झाला. मराठीचा त्याआधीच, २००३ च्या महाराष्ट्र दिनी, १ मेला सुरू झाला होता. आज त्यातले लेख लाखाच्या घरात आहेत.

मराठीची म्हणून काही दुखणी तिथे गेल्यावरच कळतात. 'अ‍ॅ' हे अक्षर घ्या. युनिकोडमध्ये त्याला स्वतःचं स्थान २००८ मध्ये मिळालं. तोवर लोक 'अ' वर चंद्र देऊन ते लिहीत, आजही अनेक कळफलक तसंच लिहितात. डोळ्यांना दोन्ही सारखीच, संगणकाला दोन वेगळी. परिणामी 'ॲरिस्टॉटल' एका पद्धतीने शोधला तर सापडतो, दुसऱ्या पद्धतीने नाही. मग कुणीतरी बसून दुसऱ्या लेखनाचं पान बनवतो आणि तिथून पहिल्याकडे वाट काढून देतो. त्याला पुनर्निर्देशन म्हणतात. वाचकाला ते कधी दिसत नाही. तो नुसता पोचतो. अशी पानं करत बसलेल्या माणसांबद्दल मला जे वाटतं त्याला आदर हाच शब्द आहे.

पानावर त्यांचं नाव नसतं. लेखाखाली लेखक नाही, संपादक मंडळ नाही. पण लेखाच्या मागे चर्चेचं पान असतं आणि तिथला रिवाज नेमका उलटा: बोललात की सही करायची. चार टिल्ड चिन्हं टाकली की नाव, वेळ, तारीख आपोआप उमटते. विषयाच्या पानावर मी नाही, वादाच्या पानावर मात्र मला नावानिशी उभं राहावं लागतं. आपल्या सार्वजनिक जीवनात हे बहुधा उलट चालतं, म्हणून मला ही रचना फार मोलाची वाटते.

एकाच पानावर सगळ्यांनी लिहायचं म्हटल्यावर वाद अटळ आहे. जून २००५ मध्ये 'लॉस एंजेलिस टाइम्स' या दैनिकाने इराक युद्धावरचा अग्रलेख विकीसारखा वाचकांना लिहायला दिला. दोन-तीन दिवसांत प्रयोग आवरता घ्यावा लागला. शिवीगाळ आणि अश्लील चित्रं. पण ते आलं नसतं तरी तो फसलाच असता असं मला वाटतं. मत माणसाचं असतं. युद्ध हवं आणि युद्ध नको, या दोघांचं मिळून एक वाक्य होत नाही. विकीला जमतं ते वेगळं: कोण काय म्हणतो आणि कशाच्या आधारावर, एवढं मांडणं. शिवजन्मतिथी आठवा. शके १५५१ ची फाल्गुन वद्य तृतीया, म्हणजे १९ फेब्रुवारी १६३०, ही राज्य शासनाने मान्य केलेली तारीख. १६२७ चा वैशाख मानणारी परंपराही दीर्घकाळ होती. यावर एकमत घडवणं विकीच्या हाती नाही. पण कोणती तिथी कोणत्या साधनात आहे, हे दोन्हीकडच्या माणसांना मान्य होईल असं लिहिता येतं. तेवढंच लिहायचं असतं. चोवीस तासांत तीनदा उलटवल्यावर चौथ्यांदा हात लावायचा नाही, असाही नियम इंग्रजी विकिपीडियाने याच अनुभवातून केला.

फेब्रुवारी २०२५ मध्ये छत्रपती संभाजी महाराजांवरच्या इंग्रजी विकिपीडियातील मजकुरावरून महाराष्ट्रात क्षोभ उसळला. महाराष्ट्र सायबरने नोटीस पाठवली, संपादकांवर गुन्हाही नोंदला गेला. लोकांच्या दुखावण्याला कारण होतं. पण त्या दिवसांत मला एकच हळहळ वाटत होती. ज्या भाषेत या इतिहासाची अस्सल कागदपत्रं आहेत, ती वाचू शकणारे अभ्यासक आपल्याकडे आहेत. आणि त्या लेखाचं चर्चेचं पान इतकी वर्षं उघडं होतं. आपण तिथे फार थोडे गेलो.

न जाण्याची किंमत किती असू शकते याची एक गोष्ट स्कॉटलंडची आहे. २०२० मध्ये लक्षात आलं की स्कॉट्स भाषेच्या विकिपीडियावरचे हजारो लेख एका अमेरिकन मुलाने लिहिले आहेत. बारा वर्षांचा असताना त्याने सुरुवात केली होती, आणि त्याला ती भाषा येतच नव्हती. इंग्रजी वाक्यं घ्यायची, कोशातून शब्द पाहून बदलायची. त्याने कुणाला फसवायचं म्हणून केलं नव्हतं. भलं करतो आहे असंच त्याला वाटत होतं. त्याचा प्रत्येक बदल इतिहासाच्या पानावर तारीखवार नोंदलेला होता. सात वर्षं कुणी ते पान उघडून थांबवलंच नाही, कारण ती भाषा जाणणारे तिथे पुरेसे नव्हते.

२००५ चा एक प्रसंग याच्या शेजारी ठेवायला हवा. जॉन सीगेनथेलर या ज्येष्ठ अमेरिकन पत्रकारावरच्या विकिपीडियातील लेखात, केनेडी बंधूंच्या हत्येशी त्यांचा संबंध असल्याचा संशय होता, असं धादांत खोटं वाक्य कुणीतरी घातलं. ते चार महिने तसंच राहिलं. उजेडात आल्यावर कधी आणि कोणत्या जोडणीवरून ते घातलं गेलं हे इतिहासाच्या पानाने सांगितलं, माणूस सापडला, त्याने माफी मागितली. म्हणजे नोंद दोन्हीकडे होती. वाचणारी नजर एके ठिकाणी उशिरा आली, दुसरीकडे त्याहून फार उशिरा.

मराठी बोलणारे आठ कोटींहून जास्त. मराठी विकिपीडियावर नियमाने 'अलीकडील बदल' पाहत बसणारे किती कमी, हे ते पान आठवडाभर उघडून बसलं की कळतं. तीच ती नावं. पहाटे कुणी, रात्री कुणी. उत्पात दिसला की पुसायचा, नव्या माणसाचं स्वागत करायचं, इंग्रजीतून यंत्राने केलेला आणि तसाच चिकटवलेला मजकूर माणसाच्या मराठीत आणायचा. हे शेवटचं काम आता वाढत चाललं आहे.

त्या मुलीकडे परत येते. धूळपाटीवर तिने दोन वाक्यं लिहिली: गावात जुनी बारव आहे, ती अहिल्यादेवींनी बांधली. मग ती गावाच्या पानावर, त्या रिकाम्या मथळ्याखाली आणली आणि 'प्रकाशित करा' दाबलं. शेजारच्या मुलीने आपल्या मोबाइलवर पान उघडून पाहिलं. दिसत होतं. दोघी हसल्या.

दुपारच्या जेवणानंतर पाहिलं तर दुसऱ्या वाक्यापुढे चौकटी कंसात 'संदर्भ हवा' लागलं होतं. तिचा चेहरा उतरला. "आजी सांगते," ती म्हणाली, आणि तिच्या दृष्टीने तो पुरावा पुरेसा होता. माझ्या दृष्टीनेही बराचसा. इथे विकीचा नियम आणि आपला समाज यांची गाठ नीट बसत नाही. आपल्या गावांचं ज्ञान तोंडी आहे. ओव्यांत, जत्रेच्या मानपानात, आजीच्या सांगण्यात. छापलं गेलं ते थोडं, आणि जे छापलं गेलं त्यातलंही जपलं गेलं ते त्याहून थोडं. जिल्ह्याचं गॅझेटिअर, तालुक्याच्या शिक्षकाने स्वखर्चाने काढलेलं पुस्तक, महाविद्यालयाचं वार्षिक, दिवाळी अंक. काशीनाथ रघुनाथ मित्रांनी १९०९ मध्ये 'मनोरंजन'चा दिवाळी अंक काढला तेव्हापासून या अंकांत किती गावं, किती माणसं, किती धंदे नोंदले गेले असतील. दर उन्हाळ्यात ते रद्दीत जातात. माझ्या घरातूनही गेले आहेत. कुणाच्या तरी पानावरच्या 'संदर्भ हवा'चं उत्तर त्या गठ्ठ्यात असू शकेल, हे तेव्हा मला माहीत नव्हतं.

महाविद्यालयाच्या ग्रंथालयात गॅझेटिअर होतं. आम्ही तिघीचौघी कपाटापाशी उभ्या राहून पाहिलं. गावाचं नाव होतं, आठवडी बाजाराचा वार होता, बारवेचा उल्लेख नव्हता. मुलीने परत येऊन दुसरं वाक्य स्वतःच काढलं. पहिलं ठेवलं.

तीन-चार महिन्यांनी मी ते पान पुन्हा उघडलं. 'प्रेक्षणीय स्थळे'खाली आता छायाचित्र होतं: काळ्या दगडाच्या पायऱ्या, तळाशी हिरवट पाणी, कोनाड्यात शेंदूर लावलेली मूर्ती. तिनेच काढलेलं, तिनेच मुक्त परवान्याने दिलेलं. इतिहासात गेले. तिच्या वाक्यातला एक ऱ्हस्व कुणीतरी रात्री पावणेदोनला दीर्घ केला होता. सारांशात फक्त 'शुद्धलेखन' एवढंच. एका सांगकाम्याने वर्ग जोडला होता.

मग चर्चेचं पान उघडलं. आधी तो दुवा लाल होता, आता निळा झाला होता. आत एकच नोंद होती. 'आमच्या आजी सांगतात की ही बारव अहिल्यादेवींनी बांधली. छापील पुरावा कुणाला मिळाला तर कृपया इथे सांगावे.' खाली तिची सही, तारीख आणि वेळ. त्याखाली अजून कुणी लिहिलेलं नव्हतं.